‘पूर्ण अप्रत्यास्थ’मधलं ‘पूर्ण’

प्रश्न असा: अकरावीतल्या मुलीच्या वहीत वाक्य आहे, ‘पूर्ण अप्रत्यास्थ टकरीत गतिज ऊर्जा पूर्ण नष्ट होते.’ ऊर्जा तर अक्षय्य असते, मग ‘नष्ट’ कसं चालेल?

‘नष्ट’ एक वेळ खपून जाईल, कारण ऊर्जेआधी ‘गतिज’, म्हणजे गतीमुळे असलेली, आहे. ऊर्जा उरते, तिचं गतिजपण जातं. मी स्वतः ‘खर्ची पडते’ लिहीन, म्हणजे कशात, हे सांगणं भाग पडतं. खरी चूक आहे ती दुसऱ्या ‘पूर्ण’मध्ये.

टकरीनंतर दोन्ही वस्तू चिकटून एकाच वेगाने गेल्या की टक्कर पूर्ण अप्रत्यास्थ (काही जण ‘अस्थितिस्थापक’ म्हणतात, तेही चालतं). आता त्या पुढे जात असतील, तर थोडी गतिज ऊर्जा शिल्लक असणारच ना!

बंदुकीच्या गोळीचा वेग मोजायला बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने १७४२च्या आपल्या ग्रंथात हीच टक्कर कामाला लावली. टांगलेल्या जड ठोकळ्यात गोळी मारायची आणि तो किती झुलला ते बघायचं. समजा, १० ग्रॅमची गोळी सेकंदाला ४०० मीटर वेगाने १.९९ किलोच्या लाकडात रुतली. संवेग (वस्तुमान गुणिले वेग, दिशेसकट) तेवढाच राहायचा, म्हणून दोघांचा मिळून वेग होतो सेकंदाला २ मीटर. गतिज ऊर्जा मात्र ८०० ज्यूलवरून थेट ४ ज्यूलवर. ठोकळा वीसेक सेंटिमीटर वर चढतो. गतिज ऊर्जा कायम धरून गणित केलं, तर हेच उत्तर ४० मीटर येतं!

संवेग वाचतो, कारण गोळी लाकडाला ढकलते आणि लाकूड गोळीला अडवतं ती बलं सारखी, उलट दिशेची आणि तेवढाच वेळ लागणारी. एकीचं गेलं ते दुसऱ्याला मिळालं. ऊर्जेचा हिशेब मात्र वेळेवर नाही, अंतरावर चालतो. गोळी भोक पाडत बोटभर आत शिरते, तोवर ठोकळा मिलिमीटरभरही सरकलेला नसतो. या तफावतीतले ७९६ ज्यूल लाकूड चिरण्यात, गोळी चेपण्यात आणि बहुतांशी दोन्ही तापण्यात खर्ची पडतात.

गतिज ऊर्जा शून्यावर येते ती एकूण संवेगच शून्य असेल तेव्हा: सारख्या वजनाचे मातीचे दोन गोळे सारख्याच वेगाने समोरासमोर आदळले, तर जागीच थांबतात. एरवी वहीत असं लिहावं: ‘पूर्ण अप्रत्यास्थ टकरीत, संवेग राखून जास्तीत जास्त जितकी गतिज ऊर्जा खर्ची पडू शकते, तितकी पडते.’