ऑपरेशनआधीचे चार आठवडे वडिलांनी आराम करावा की चालावं-फिरावं?

तुम्ही लिहिलंय की वडील ६७ वर्षांचे, तासगावजवळ द्राक्षबाग आहे, मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघालाय आणि चार आठवड्यांनी मिरजेत ऑपरेशन ठरलंय. सर्जन म्हणाले, "तोवर तब्येत जरा बनवा." घरचे म्हणतात, "हलू देऊ नका, ताकद राहू द्या अंगात." आणि तुम्ही मधे अडकलाय.

सर्जनचं ऐका. मी सांगलीत फिजिओथेरपिस्ट आहे, पोटाच्या ऑपरेशनचे पेशंट रोज बघते, म्हणून ठामपणे सांगते. झोपून राहिल्यानं ताकद राहत नाही, जाते. वयस्कर पण धडधाकट माणसांना १० दिवस अंथरुणात ठेवून पाहिलं गेलंय. तेवढ्यात दोन्ही पायांचं मिळून जवळपास एक किलो मांस झडलं होतं. तुमच्या वडिलांना तर पुढे ऑपरेशनही सोसायचंय.

या तयारीला डॉक्टर मंडळी प्रीहॅबिलिटेशन म्हणतात. २०२३ मध्ये मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्याच पेशंटवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. एका गटाला ऑपरेशनआधी चार आठवडे व्यायाम, प्रथिनांचा आहार, मानसिक आधार आणि गरज असेल त्याला धूम्रपान सोडायला मदत दिली. त्यांच्यात गंभीर गुंतागुंत साधारण १७ टक्के जणांना झाली. नेहमीच्या पद्धतीनं ऑपरेशनला गेलेल्यांत जवळपास ३० टक्क्यांना. चार आठवडे म्हणजे तुमच्या हातात आहेत तेवढेच. म्हणून एकही दिवस वाया घालवू नका.

आधी हिमोग्लोबिन बघा. या आजारात आतड्यातून थोडं थोडं रक्त जात असतं, त्यामुळे पेशंट पांढराफटक पडलेला असतो आणि घरचे समजतात, वय झालं. पुरुषाला १३ च्या खाली म्हणजे कमीच. गोळ्यांनी रक्त वाढायला आठवडे लागतात, म्हणून सर्जनना उद्याच विचारा की लोहाचं सलाईन द्यावं लागेल का. बीट आणि डाळिंबाच्या रसानं ही कसर भरून निघत नाही. गोळी चालू असेल तर चहाबरोबर देऊ नका, अंगी लागत नाही.

चालण्याचं असं करा. हृदयाची तपासणी झाली आणि डॉक्टरांनी हो म्हटलं, की सकाळ-संध्याकाळ बागेतल्या ओळींमधून चालू द्या. आधी रमतगमत, मग दोन-तीन मिनिटं झपाझप, इतकं की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. मग पुन्हा सावकाश. असं करत अर्ध्या तासापर्यंत न्या. शिवाय हात न टेकता खुर्चीतून उठायचं-बसायचं, दहा वेळा, दिवसातून तीनदा. ऑपरेशननंतर संडासला जायला-यायला हेच स्नायू कामी येतात. छातीत दुखलं, चक्कर आली, धडधडलं तर लगेच थांबा आणि डॉक्टरांना कळवा.

श्वासाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण इथे बहुतेकांचं चुकतं. तीन रंगीत चेंडूंचं प्लास्टिकचं यंत्र मेडिकलमध्ये मिळतं. पेशंट ते तोंडात धरतो आणि जोरात फुंकतो. फुंकायचं नसतं, ओढायचं असतं. ताठ बसायचं, श्वास पूर्ण सोडायचा, नळी ओठांत घट्ट धरायची आणि हळूहळू आत ओढायचं. तिन्ही चेंडू फटकन वर उडवण्यात काही मोठेपणा नाही. एक-दोन चेंडू वर नेऊन तिथे तीन सेकंद धरून ठेवता आले, तर हवा फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोचते. मग खोकायला शिकवा. उशी पोटावर दोन्ही हातांनी घट्ट दाबायची, खोल श्वास घ्यायचा आणि खोकायचं. टाके तुटतील या भीतीनं माणसं खोकणं दाबतात, कफ आत साचतो आणि न्यूमोनिया होतो. अंथरुणातून उठतानाही सरळ उठायचं नाही. कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, कोपरावर भार देऊन उठायचं. हे सगळं आत्ताच, पोट दुखत नसताना, अंगवळणी पडू द्या. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये पोटाच्या मोठ्या ऑपरेशनआधी फिजिओथेरपिस्टनं एकदाच, अर्धा तास बसून हे शिकवलं, तर फुफ्फुसाचे त्रास निम्म्यावर आले. अर्ध्या तासाची शिकवणी, फुकट म्हणावी अशी, आणि तरी आपल्याकडे ती क्वचितच मिळते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जेवण. आजारी माणसाला पेज, साबुदाणा, पातळ वरण देण्याची आपली रीत आहे. माया खरी, पण त्यात प्रथिनं फारशी नाहीत, आणि जखम भरते ती प्रथिनांवर. दर किलो वजनामागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम लागतात. वडील ६० किलोचे असतील तर ७० ते ९० ग्रॅम. एका अंड्यात सहा, ग्लासभर दुधात आठ, १०० ग्रॅम शिजलेल्या चिकनमध्ये पंचवीसच्या आसपास. माळकरी असतील तर पनीर, दही, ताक, मुगाचं घट्ट वरण वाढवा. एकदम जेवण जात नसेल तर पाच-सहा वेळा थोडं थोडं द्या. दोन गोष्टी मात्र विचारून घ्या: किडनीचा त्रास असेल तर प्रथिनं किती, आणि आतड्याची वाट अरुंद झाली असेल तर कोंडा, सालीची कडधान्यं, कच्च्या भाज्या चालतील का. पोट फुगलं, वायू सरेना, उलट्या सुरू झाल्या तर तारखेची वाट न बघता दवाखाना गाठा.

तंबाखू-चुना आजपासून बंद, विडीही. निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात, आणि आतड्याचा जो जोड सर्जन शिवणार आहेत त्याला रक्त पुरेसं पोचलंच पाहिजे. "ऑपरेशन झाल्यावर सोडतो" असं वडील म्हणतील. भांडू नका. खिशातली पुडी काढून घेण्यापेक्षा हा जोड कसा भरतो ते त्यांना सर्जनच्या तोंडून ऐकू द्या. डॉक्टरांचा शब्द जुनी माणसं मानतात. मदतीसाठी सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, १८००११२३५६.

औषधांच्या सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालून भूलतज्ज्ञांकडे न्या. गुडघ्यासाठी कुणी दिलेली पुडी असेल तर तीही. अशा पुड्यांत कधीकधी स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं आणि भूल देताना ते माहीत असावं लागतं. रक्त पातळ करणारी गोळी मनानं बंद करू नका. मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साधारण तीन दिवस आधी थांबवतात, तर त्यांचं नाव मुद्दाम काढा. पोटावर घरी वस्तरा फिरवू नका; बारीक ओरखड्यांतून जंतू शिरतात, केस काढायचे तर हॉस्पिटलमध्ये मशीननं काढतील.

आणि आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंबही द्यायचा नाही असं कुणी सांगितलं, तर भूलतज्ज्ञांना एकदा विचारा. बहुतेकांना जेवण सहा-आठ तास आधी बंद करून साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, आणि दुपारचा नंबर असला तर म्हाताऱ्या माणसाला त्यानं फार बरं वाटतं.