ज्वालामुखीच्या धुरकट हवेत घरात राहायचे असेल, तर मास्क आणि एअर प्युरिफायर पुरेसे आहेत का?

तुमच्या प्रश्नाचा आशय असा आहे : वस्तीपासून काही अंतरावरचा ज्वालामुखी धुमसू लागल्यापासून वारा फिरला की हवा धुरकट होते, घसा खवखवतो, घरात दम्याचा रुग्ण आहे, आणि मास्क व एअर प्युरिफायर घेतल्यावर आणखी काही करावे लागेल का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. घरांमध्ये वायुवीजनाच्या आणि हवा गाळण्याच्या यंत्रणा बसवणे हे माझे काम असल्यामुळे मी त्याच बाजूने उत्तर देतो. औषधोपचाराचा भाग डॉक्टरांवरच सोपवावा.

खरेदीच्या आधी तुमच्यापर्यंत नेमके काय पोहोचते आहे, हे ओळखणे आवश्यक आहे, कारण ज्वालामुखीतून वायू, सूक्ष्म कण आणि राख अशा तीन निरनिराळ्या गोष्टी येतात आणि एकीवरचा उपाय दुसरीवर बहुधा चालत नाही. वायूंपैकी सर्वांत त्रासदायक ठरतो तो सल्फर डायऑक्साइड. तो विवराजवळच्या वस्त्यांमध्ये जळत्या काडेपेटीसारख्या उग्र वासाने जाणवतो. वाऱ्याबरोबर दूर जाताना सूर्यप्रकाश, ऑक्सिजन आणि बाष्प यांच्यामुळे त्याचे रूपांतर आम्लयुक्त सल्फेट कणांत होत जाते आणि मग वास फारसा येत नाही, पण क्षितिज पांढुरके, अस्पष्ट दिसते. हवाई बेटावर किलाउएआ ज्वालामुखीच्या परिसरातील लोकांना प्रामुख्याने वायूचा त्रास होतो, तर व्यापारी वाऱ्यांनी बेटाला वळसा घालून पश्चिमेच्या कोना किनाऱ्यावर येणारा धुरकटपणा मुख्यतः कणांचा असतो. राख ओळखणे सोपे आहे : खिडकीच्या कठड्यावरची धूळ दोन बोटांत चोळून पाहावी, राख असेल तर ती बारीक काचेच्या चुऱ्यासारखी खरखरते, आणि ती प्रत्यक्षात काच व खडक यांचाच चुरा असते.

आता मास्कविषयी. एन-९५ मास्क चेहऱ्यावर घट्ट बसत असेल, तर कण आणि राख यांच्यावर तो उत्तम आहे, मात्र सल्फर डायऑक्साइड त्यातून सरळ आत येतो. वायू अडवायचा असेल, तर आम्ल वायूंसाठीचे कार्ट्रिज (वायू शोषणारी बदलती डबी) असलेला रबरी मुखवटा लागतो. तो दाढीवर नीट बसत नाही, लहान मुलांच्या मापात मिळणे कठीण असते, आणि दम लागणाऱ्या माणसाला त्यातून श्वास ओढणे जड जाते. जपानमधील मियाकेजिमा बेटावरील रहिवाशांना २००० साली बेट सोडावे लागले होते. २००५ मध्ये परतल्यावर त्यांना असा मुखवटा जवळ बाळगणे बंधनकारक होते. तात्पुरत्या सुटकेसाठी तो उपयोगी आहे, पण तो लावून रोजचा संसार चालत नाही.

एअर प्युरिफायरच्या बाबतीतही हाच भेद लक्षात घ्यावा. हेपा फिल्टर कण पकडतो, वायू पकडत नाही. जाहिरातीत ज्याला 'कार्बन फिल्टर' म्हणतात, तो घरगुती यंत्रांत बहुतेक वेळा कोळशाची भुकटी लावलेला एक पातळ पापुद्रा असतो आणि सल्फर डायऑक्साइडपुढे तो लवकरच निकामी होतो. वायूसाठी अल्कली-प्रक्रिया केलेल्या कार्बनचा जाड थर हवा, त्यामुळे विकत घेताना कार्बनचे वजन विचारावे. विक्रेत्याला ते सांगता येत नसेल, तर ते नगण्य आहे असे समजायला हरकत नाही. ओझोन सोडणारी यंत्रे मात्र घरात आणूच नयेत, कारण ओझोन स्वतःच श्वासनलिकांना डिवचतो.

माझ्या मते यंत्रापेक्षा जास्त फायदा एकच खोली नीट बंद करण्याने होतो. सगळे घर सांभाळण्याच्या नादात कोणतीच खोली सुरक्षित राहत नाही, असे मी अनेकदा पाहिले आहे. कमी खिडक्यांची एक झोपण्याची खोली निवडावी. टिश्यू पेपरची पातळ पट्टी दाराच्या फटीपाशी आणि खिडकीच्या चौकटीपाशी धरून पाहावी. ती जिथे हलते तिथे रबरी पट्टी किंवा चिकटपट्टी लावावी आणि दाराखाली ओल्या कापडाची गुंडाळी ठेवावी. सल्फर डायऑक्साइड भिंती, पडदे, गाद्या यांवर चिकटून काही प्रमाणात आपोआप कमी होतो, त्यामुळे बंद घरात तो बाहेरच्यापेक्षा कमी भरतो. सूक्ष्म कण मात्र फटींतून शिरून हवेत तरंगत राहतात, म्हणून याच खोलीत हेपा यंत्र चालवावे. धूर होईल असे काहीही तिथे पेटवू नये. अशी खोली कायम बंदही ठेवता येत नाही, कारण आत उकाडा आणि कोंदटपणा वाढतो. वारा दुसऱ्या दिशेने वाहू लागताच सर्व खिडक्या उघडून घर मोकळे करावे.

खोली केव्हा बंद करायची आणि केव्हा उघडायची, याचा अंदाज घेताना हवेच्या गुणवत्तेच्या दिवसभराच्या सरासरी निर्देशांकावर विसंबू नये, कारण वायूचा तीव्र झोत काही मिनिटांचा असू शकतो आणि दम्याच्या रुग्णाला तेवढा पुरतो. जागतिक आरोग्य संघटनेने सल्फर डायऑक्साइडसाठी २४ तासांची मर्यादा ४० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर ठेवली आहे, तर १० मिनिटांसाठी ती ५०० आहे. म्हणून शक्य तिथे कमी अंतराने बदलणारे आकडे पाहावेत.

पावसाचे पाणी साठवत असाल, तर आम्लयुक्त पाऊस छताच्या जोडांतून आणि जुन्या नळांतून शिसे विरघळवतो, हे लक्षात ठेवून ते पाणी तपासल्याशिवाय पिऊ नये. राख पडली की तिच्यावर किंचित पाणी शिंपडून ती गोळा करावी. छतावर भरपूर पाणी मारू नये, कारण भिजलेली राख फार जड होते, आणि ती गटारातही ढकलू नये, तिथे ती घट्ट बसते. जपानच्या कागोशिमा शहरात साकुराजिमा ज्वालामुखीच्या राखेसाठी नगरपालिका घरोघरी वेगळ्या पिशव्या देते.

एका परिस्थितीत वरचे सर्व उपाय निरुपयोगी आहेत. जमिनीतून कार्बन डायऑक्साइड झिरपत असेल, तर तो हवेपेक्षा जड असल्याने तळघरात आणि खोलगट जागी साठतो, त्याला वास नसतो आणि कोणताही घरगुती फिल्टर त्याला अडवत नाही. इटलीतील व्हल्कानो बेटावर याच कारणाने २०२१ मध्ये रहिवाशांना रात्री घरी झोपण्यास मनाई करण्यात आली होती. प्रशासनाने तुमच्या भागात असा इशारा दिला, तर बंद खोलीत थांबू नये, लगेच बाहेर पडावे. दम्याच्या रुग्णासाठी वाऱ्याच्या उलट दिशेला राहण्याची एक जागा आणि कोणत्या आकड्यावर निघायचे, हे डॉक्टरांशी बोलून आजच ठरवून ठेवावे. इन्हेलर त्याच्या उशाशी असू द्यावा.