कापड चढवण्याआधी लाकडाकडे बघा

विमानाच्या लाकडी सांगाड्यावर साधं वार्निश मारून त्यावर आवरणाचं कापड चिकटवणार असाल तर थांबा. सॉल्व्हंटवाल्या गोंदातलं एमईके (मिथाइल इथाइल कीटोन, एक जोरदार सॉल्व्हंट) ते वार्निश मऊ करतं. मग कापड लाकडाला नाही, सुटत्या थराला धरून राहतं. दोन भागांचं इपॉक्सी वार्निशच घ्या आणि पूर्ण सुकू द्या. स्पारची, म्हणजे पंखातल्या मुख्य लांब दांड्याची, कापलेली टोकं पहिला हात बघता बघता पिऊन टाकतात. चकाकी टिकेपर्यंत तिथे पुन्हा पुन्हा ब्रश फिरवा. ड्रेन होलच्या (पाणी निघून जाण्याच्या भोकांच्या) कडाही सोडू नका, पाणी तिथूनच मुरतं. जिथे अजून लाकडाला लाकूड जोडायचंय तिथे मात्र थेंबही नको, मास्किंग टेप लावा.

पॉलिएस्टर कापड इस्त्रीच्या उष्णतेने ताणण्याआधी इस्त्री थर्मामीटरने तपासाच. १७७ अंश सेल्सिअसच्या वर कापड उलट सैल पडतं, आणि डायलवरच्या आकड्यावर माझा अजिबात भरवसा नाही.