प्रश्न तुमचे: मला झालेला कोरोना नेमका कोणता?

प्रश्न: 2021 च्या मे महिन्यात मला कोरोना झाला. रिपोर्टवर नुसतं 'पॉझिटिव्ह'. पुढच्याच महिन्यात पेपरात आलं, जळगाव जिल्ह्यात डेल्टा प्लसचे 7 रुग्ण. तेव्हापासून गावात मला 'डेल्टा प्लस' म्हणूनच हाक मारतात. मला कोणता होता, ते आता कळेल का? आणि विषाणू कुठून कुठं गेला हे लॅबमध्ये बसून कसं समजतं?
— एक केळी बागायतदार, रावेर तालुका

उत्तर: भाऊ, आता कळणं अवघड. तुमचा नमुना बहुधा तेव्हाच नष्ट केला असणार. आरटीपीसीआर विषाणूच्या दोन-तीन ठरावीक जागा तपासते, त्या सापडल्या की पॉझिटिव्ह. व्हेरिएंट, म्हणजे विषाणूचा बदललेला प्रकार, ओळखायचा तर त्याच्या जनुकीय मजकुराची सगळी, म्हणजे जवळपास 29,900 अक्षरं वाचावी लागतात.

आता कुठून कुठं गेला ते. माझ्या आईकडे कानबाईच्या गाण्यांची वही होती. शिरपूरच्या मावशीनं ती उतरवून घेतली आणि घाईत 'चांदीचा पाट'चा 'चंदनाचा पाट' केला. तिच्या वहीवरून जावेनं लिहिलं, जावेवरून अमळनेरच्या भाचसुनेनं. परवा अमळनेरची वही चाळली, तर त्यात मावशीचा चंदनाचा पाट होताच, शिवाय जावेनं गाळलेली एक ओळही गायब! वही कोणत्या घरून आली, हे विचारायची गरजच पडली नाही. विषाणूही स्वतःची नक्कल करताना असाच चुकतो. कोरोनाच्या एका वंशात महिन्याला साधारण दोन चुका टिकून पुढे जातात. डेल्टा प्लस म्हणजे डेल्टाच्याच वहीत, विषाणूच्या अंगावरच्या काट्याच्या (स्पाइक) प्रथिनात 417 व्या जागी पडलेली आणखी एक चूक.

पण नमुन्यावर गाव आणि तारीख नसेल तर या वाचनाचा उपयोग निम्माही राहत नाही. बागेत केळीवरचा हरण्या रोग दिसला की तुम्ही आधी काय आठवता? पहिलं झाड कोणत्या ओळीत होतं, रोपं कुठून आणली होती. तसंच हे. भुसावळला लॅब टेक्निशियन असताना, एप्रिल 2021 मध्ये, थर्माकोलच्या खोक्यात नमुने मीच भरायचो. एकदा नळ्यांवरची नावं साध्या बॉलपेननं लिहिली. वाटेत बर्फाच्या पिशव्यांना पाणी सुटलं, शाई उतरली आणि 11 नळ्या कुणाच्या, कुठल्या गावच्या, काही कळेना. साहेब काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. पुढे मी पेन्सिलनं लिहून वर चिकटपट्टी लावायला लागलो.

त्या 7 आकड्याबद्दलही सांगतो. जून 2021 मध्ये राज्यात असे 21 रुग्ण जाहीर झाले. रत्नागिरीत 9, आपल्याकडे 7. म्हणजे जिल्ह्यात सातच जण होते असं नाही. राज्यानं प्रत्येक जिल्ह्यातून 100 नमुने घ्यायचं ठरवलं होतं, त्यातून जे सापडले ते सात. त्यातही सीटी व्हॅल्यू कमी, म्हणजे विषाणू भरपूर, असेच नमुने नीट वाचता येतात. शेजारच्या जिल्ह्याच्या नावापुढे शून्य होतं म्हणून तिथल्या पाहुण्यांनी तेव्हा मिजास केली असेल, तर ती फुकटची.

तुमच्या उपचारात मात्र यानं काही फरक पडला नसता. डॉक्टर व्हेरिएंट नाही, ऑक्सिजन बघत होते. मे 2021 मध्ये महाराष्ट्रात डेल्टाचाच जोर होता, तेव्हा तुम्हालाही तोच झाला असण्याची शक्यता जास्त. 'प्लस' तेवढं गावकऱ्यांनी पदरचं लावलंय.