सांगलीच्या जुन्या बाजारात पहिल्या महायुद्धातलं मेडल मिळालं. कडेवर नाव आणि 103 मराठा कोरलंय. त्या शिपायाचं घर कसं शोधू?

मेडल चांदीच्या भावानं वितळवलं नाही आणि तुम्ही घर शोधायला निघालात, त्याबद्दल आधी नमस्कार घ्या. कडेवरची सगळी ओळ उतरवून घ्या, नंबर, हुद्दा, नाव, पलटण. नुसत्या नावावर जाऊ नका आणि नुसत्या नंबरावर तर अजिबात नको, कारण तेव्हा नंबर पलटणीपुरता असायचा, तोच नंबर दुसऱ्या पलटणीत भलत्याच गड्याचा निघतो. 103 म्हणजे आजची 1 मराठा, जंगी पलटण. नाव कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या, म्हणजे युद्धात मेलेल्या सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेच्या साईटवर टाकून बघा, पैसे लागत नाहीत. स्पेलिंगवर विश्वास ठेवायचा नाही. लिहिणारा इंग्रजीतला कारकून आणि सांगणारा आपला माण-खटावचा माणूस, त्यात आडनाव कुठलं नि नाव कुठलं याचा पत्ता नाही. आमच्याच गावाचं नाव मी तीनदा वाचून पुढं गेलो होतो, बायकोनं मोठ्यानं वाचलं तेव्हा कळलं की हे आपलंच गाव.

आता आमचं सांगतो, थोडं लांबेल.

माझ्या पणजोबांचा धाकटा भाऊ 117 मराठात होता. आमच्या घरात त्या लढाईला कुणी महायुद्ध म्हणायचं नाही, बसरा म्हणायचे, इराकातलं ते बंदर. "बसऱ्याला गेला तो गेला." त्याची बायको आमच्या वडिलांनी बघितलेली, तिला सगळे बसऱ्याची आजीच म्हणायचे. मरेपर्यंत कुंकू लावलं तिनं. का, तर नवरा मेल्याचं कुणी सांगितलंच नाही. उलट आमच्या चुलत घरानं गावभर केलं होतं की तो पलटणीतनं पळाला आणि बगदादला दुसरं घर केलं. आणि ही गोष्ट सांगणाऱ्यांच्या नावावरच त्याच्या वाट्याची जमीन लागली, ओढ्याकडची, पाण्याची. आजीला अन्नवस्त्र, तेही बोलून बोलून दिलेलं.

आमचा एक चुलता अजून हयात आहे, नाव घेत नाही. भावकीच्या जेवणात माझ्या वडिलांना "पळपुट्याच्या घरातले" म्हणालेला मी लहानपणी कानानं ऐकलाय. वडील काही बोलले नाहीत, पत्रावळीवरनं उठले.

2023 ला कुणबी नोंदी शोधायची लाट आली तेव्हा सगळी भावकी तहसीलला पळत होती, मीही गेलो. मोडी वाचणारा एक पोरगा गाठला, दिवसाचे पैसे ठरवले. कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना 14, बसऱ्याची आजी सापडली. तिच्या नावापुढं "कोम", म्हणजे अमक्याची बायको, आणि त्याचं नाव. कुणबी नोंद सापडली म्हणून बाकीचे पेढे वाटत होते आणि मी त्या एका "कोम"कडं बघत बसलो. मग जुना फेरफार काढला, त्यात कारण "बेपत्ता". मेला पण नाही आणि पळाला पण नाही, बेपत्ता! जमीन खाताना बेपत्ता, जेवणात पळपुटा.

त्याच रात्री साईटवर सापडला. मृत्यू सप्टेंबर 1916, बसरा मेमोरियल, म्हणजे तिथलं युद्धस्मारक. इराकातल्या कुटला तुर्कांचा वेढा डिसेंबर 1915 ला पडला आणि 29 एप्रिल 1916 ला इंग्रज सेनापती टाऊनशेंडनं शरणागती दिली, 103, 110, 117 तिन्ही मराठा पलटणी आत होत्या. शेवटी शेवटी घोडे कापून खायची वेळ आली, आपली पोरं धर्मापायी खाईनात, तोंडातनं रक्त यायला लागलं. मग तुर्कांनी वाळवंटातनं चालवत नेलं, रेल्वेच्या कामाला जुंपलं. पाच महिन्यांनी मेला म्हणजे कैदेतच मेला. पळून जायला पायात जोर तरी होता का?

आणि नोंदीत बापाचं नाव, गाव, सातारा, आणि "नवरा अमुकचा" म्हणून आजीचं नाव. सातबाऱ्याला जे नाव कधी लागलं नाही ते तिथं आहे, वाकडंतिकडं का होईना. बसऱ्याच्या त्या दगडावर आपल्या साध्या शिपायांची नावं कोरली नाहीत बरं का, पलटणीखाली नुसता आकडा, नावं वहीत. हा भेदभाव झाला हे कमिशननं 2021 ला स्वतः कबूल केलं. असो, आमच्या भावकीनं आकड्यातही धरला नव्हता.

तर तुमचं. साईटवर गाव मिळालं की थेट गावात जा, फेसबुकवर फोटो टाकू नका, मेडल म्हटल्यावर चार घरं वारस म्हणून उभी राहतात. पोलीस पाटील, मग त्या आडनावाची भावकी, आणि त्यांचा हेळवी कधी येतो ते विचारा. बैल घेऊन येणारा हा माणूस सात पिढ्या चोपडीतनं वाचून दाखवतो, सरकारी दप्तरापेक्षा मला त्याचा भरवसा जास्त. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि बेळगावच्या मराठा रेजिमेंटच्या सेंटरला पत्र टाका, पण 1914 च्या साध्या शिपायाचा शीट रोल, म्हणजे नोकरीचा कागद मिळेल या आशेवर थांबू नका. आणि घर सापडलं तरी मेडल पहिल्या हात पुढं करणाऱ्याला देऊ नका, आधी विचारा की त्या शिपायाच्या बायकोचं पुढं काय झालं, तिला कुणी सांभाळलं. जो मान खाली घालेल त्याला देऊ नका.

हां, एक राहिलं, आधीच सांगायला पाहिजे होतं. ते मेडल जगून आलेल्यांनाही मिळायचं. तुमचा माणूस घरी परतून म्हातारा होऊन मेला असेल तर तो त्या साईटवर नसणारच, मग गावाचा पत्ता दुसरीकडनंच काढावा लागेल. आणि आमच्याकडं तो मेल्याचा कागद आला असणार आणि चुलत घरानं दाबला असणार असं मला वाटतं, पण पुरावा नाही माझ्याकडं, तेव्हा तेवढं माझं मत समजा.

नोंदीची प्रिंट लॅमिनेट करून मी चुलत्याला नेऊन दिली. चष्मा लावून वाचली आणि म्हणाला, "या नावाची चार माणसं असतील." मी म्हटलं बायकोचं नाव बघा की. प्रिंट उशाखाली सारली आणि चहा टाकायला सांगितला. गेल्या यात्रेला गेलो तेव्हा ती धान्याच्या कणगीवर झाकण म्हणून ठेवलेली होती.

मेडलवरची ओळ इथं खाली टाका, मी पण शोधतो.