जपानमध्ये दोघांनी इंग्रजी शिकवायला यायचे असेल तर

आपण आणि आपले पती दोघेही शिक्षक आहात, जपानमध्ये इंग्रजी शिकवण्याचा विचार करत आहात आणि एकाने नोकरीच्या व्हिसावर, तर दुसऱ्याने अवलंबित म्हणून यावे का, शिवाय इथले रोजचे जगणे कसे असते, असे आपण विचारले आहे. आम्ही पती-पत्नी इथे हेच काम करतो. माझे मत असे की, निघायला थोडा उशीर झाला तरी चालेल, पण दोघांनीही आपापल्या करारावर आणि आपापल्या व्हिसावर यावे.

अवलंबित व्हिसावर आलेल्या जोडीदाराला वेगळी परवानगी काढल्याशिवाय काम करता येत नाही आणि परवानगी मिळाली तरी आठवड्याला २८ तासांचीच मर्यादा असते. त्याहून मोठी अडचण अशी की, त्याचा मुक्काम दुसऱ्याच्या नोकरीवर अवलंबून राहतो. नोकरीचा व्हिसा मालकाच्या हातात नसतो, ही त्यातली जमेची बाजू आहे. नोकरी बदलल्यास १४ दिवसांत इमिग्रेशनला कळवावे लागते आणि त्याच प्रकारचे काम दुसरीकडे करता येते. मात्र सबळ कारणाशिवाय तीन महिने ते काम बंद राहिले, तर व्हिसा रद्द होऊ शकतो. घर संस्थेनेच दिलेले असेल, तर नोकरीबरोबर घरही सोडावे लागते. अशा वेळी घरातल्या दुसऱ्या माणसाचा पगार आणि व्हिसा स्वतंत्र असला, की धीर राहतो.

कामाचे मुख्य प्रकार दोन आहेत. सरकारी शाळांत जपानी शिक्षकांच्या जोडीला सहायक म्हणून शिकवणाऱ्यांना ‘एएलटी’ म्हणतात; खासगी संभाषण-वर्गांना ‘एइकाइवा’. दोन्हींचे व्हिसा वेगवेगळ्या प्रवर्गांतले असल्यामुळे एकातून दुसऱ्यात जायचे तर प्रवर्गही बदलून घ्यावा लागतो. शाळेच्या प्रवर्गात किमान बारा वर्षांचे शिक्षण इंग्रजीतून झालेले असावे, अशी अट आहे. म्हणून आपल्यापैकी कोणाची शाळा मराठी माध्यमाची असेल, तर अर्ज करण्यापूर्वी ही बाब नीट तपासावी. १९८७ पासून चालू असलेल्या ‘जेट’ या सरकारी योजनेतूनही येता येते आणि तिच्यात जास्तीत जास्त पाच वर्षे राहता येते. पण नेमणूक कोणत्या गावात होईल हे आपल्या हातात नसते. जोडीदार असेल त्याच्या जवळपास नेमणूक व्हावी, अशी विनंती करता येते, पण हमी मिळत नाही.

शाळेतला दिवस मला मनापासून आवडतो. दारात बाहेरचे बूट काढून आतले घालायचे, शिक्षकांच्या मोठ्या खोलीत आपल्या टेबलाशी बसायचे, सकाळची बैठक ऐकायची आणि मग वर्गावर जायचे. २०२० पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाला आहे. तिसरी-चौथीला तोंडओळख असते. मुलांना शब्द माहीत असतात, पण चुकण्याच्या संकोचाने ती गप्प राहतात. सगळ्या वर्गाला प्रश्न विचारला तर एकही हात वर येत नाही; तोच प्रश्न बाकावरच्या दोघांनी एकमेकांना विचारायला सांगितला, की क्षणात वर्ग बोलू लागतो. दुपारी पांढरे एप्रन आणि टोप्या घातलेली मुलेच वर्गात जेवण वाढतात, आणि ठरलेल्या वेळी सगळी मिळून शाळा झाडून-पुसून घेतात. आपण शाकाहारी असाल, तर त्या जेवणातल्या सारात बहुधा माशाचा अर्क असतो, म्हणून डबा नेण्याची परवानगी सुरुवातीलाच मागून घ्यावी.

एइकाइवाचा दिवस याच्या अगदी उलटा. विद्यार्थी शाळा किंवा कचेरी सुटल्यावर येतात, त्यामुळे वर्ग दुपारनंतर सुरू होऊन रात्री नवाच्या सुमारास संपतात आणि शनिवार तर हमखास कामाचा असतो. माझी नोकरी शाळेत आणि यांची एइकाइवात असताना आठवड्यात धड एकत्र जेवण होत नसे. मी उठे तेव्हा हे झोपलेले असत आणि हे परतत तेव्हा मी पेंगत असे. परक्या देशात बोलायला एकच जवळचे माणूस असते, तेव्हा पगाराच्या आकड्याआधी दोघांच्या वेळा आणि सुट्टीचे वार जुळतात का, ते पाहावे.

उच्चारांविषयीही सांगायला हवे. काही जाहिरातींत इंग्रजी मातृभाषा असलेलाच शिक्षक हवा असतो आणि भारतीय नाव पाहून उत्तर न येण्याचा अनुभव आम्हीही घेतला आहे; त्याचे वाईट वाटते. वर्गात मात्र इंग्रजी शिकून मिळवलेला शिक्षक मुलांना जवळचा वाटतो, हे मी रोज पाहते.

घर मिळाल्यावर १४ दिवसांत नगरपालिकेत पत्ता नोंदवावा लागतो. आरोग्यविमा सक्तीचा आहे आणि उपचारांच्या खर्चाचा साधारण ३० टक्के वाटा आपल्याला द्यावा लागतो. कचऱ्याचे वार प्रकारानुसार ठरलेले असतात. प्लास्टिकच्या बाटलीचे झाकण आणि लेबल काढून ती वेगळी द्यायची असते, आणि चुकीची पिशवी चिठ्ठी चिकटवून तिथेच ठेवली जाते. शेजाऱ्यांशी पहिली ओळख बहुधा या पिशव्यांवरूनच होते, म्हणून गावाचे कचऱ्याचे वेळापत्रक आल्याआल्या स्वयंपाकघरात लावावे.

पैशांच्या बाबतीत दोन गोष्टी आधीच ठाऊक असाव्यात. घर भाड्याने घेताना अनामत, घरमालकाला द्यायची परत न मिळणारी रक्कम आणि हमीदार कंपनीचे शुल्क मिळून कित्येक महिन्यांच्या भाड्याइतका खर्च एकदम येऊ शकतो, आणि पहिला पगार बहुधा पुढच्या महिन्यात हाती पडतो. दुसरे म्हणजे रहिवासी कर आदल्या वर्षाच्या उत्पन्नावर, साधारण दहा टक्क्यांच्या हिशेबाने, जूनपासून लागतो. त्यामुळे दुसऱ्या वर्षी पगार तोच असूनही हातात कमी येतो, आणि आपण दोघेही कमावत असाल तर हा कर दोघांनाही लागेल. शाळेचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते आणि बऱ्याच नेमणुका त्याच सुमारास होतात, म्हणून पदवीची प्रमाणपत्रे आणि शिक्षणाच्या माध्यमाचे शाळा-महाविद्यालयांचे दाखले आतापासूनच जमवायला लागा.