एक पार्ट नंबर निवड

अनेक आशीर्वाद.

तुझा परवाचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. मागे फोर्कलिफ्टचा भोंगा वाजत होता आणि तू विचारत होतास, नोकरी सोडून सप्लाय चेनचं मास्टर्स करू की नोकरी करता करता? सोडू नकोस. घराचा हप्ता हे कारण आहेच, पण माझं कारण वेगळं. ज्याच्या समोर रोज मटेरियल अडतं, त्याला हा विषय जास्त कळतो. पुस्तकातली शॉर्टेज कुणाला रात्री अकराला फोन करत नाही.

आधी कंटाळवाणं काम उरकून टाक. कोर्स यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का ते स्वतः बघ, ॲडमिशनवाल्याच्या फोनवर विसंबू नकोस. यादीतली पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची, हे यूजीसीने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. ‘एक्झिक्युटिव्ह’ नावाखाली पुष्कळदा नुसतं सर्टिफिकेट हातात पडतं. ते वाईट नाही, फक्त ते मास्टर्स नव्हे. कंपनी फी भरणार असेल तर नोकरी न सोडण्याचा बॉण्ड किती वर्षांचा ते वाच. आणि फी भरण्याआधी संख्याशास्त्राला हात लावून बघ. अमेरिकेतल्या एमआयटीच्या सप्लाय चेनवरच्या ऑनलाइन मायक्रोमास्टर्समधला पहिला कोर्स ॲनालिटिक्सचा, म्हणजे आकडेवारीचाच, आहे. त्यात महिनाभर टिकलास तर पुढचं बोलू.

आता मुद्द्याचं. मीही नोकरी करता करताच शिकले, आणि मला हा विषय कळला तो एका ब्रॅकेटमुळे.

दिवसाला साधारण २०० लागायचे, खपातला चढउतार (संख्याशास्त्रातलं प्रमाण विचलन) ४० चा, लीड टाइम, म्हणजे ऑर्डर दिल्यापासून माल हाती येईपर्यंतचा वेळ, ९ दिवस. वर्गात नुकतंच सूत्र शिकले होते. ४० ला ९ च्या वर्गमूळाने गुणलं की १२०. ९५ टक्के खात्री हवी म्हणून गुणिले १.६५. सेफ्टी स्टॉक, म्हणजे अडीअडचणीसाठी ठेवायचा जादा साठा, आला १९८. एका दिवसाचाही माल नाही! मी खूश. आमच्या स्टोअरमधले मामा कागदाकडे बघून म्हणाले, “मॅडम, हजार ठेवा.” कारण विचारलं तर नुसते हसले.

मग सिस्टीममधून मागच्या चाळीस जीआरएनच्या, म्हणजे माल जमा झाल्याच्या नोंदींच्या, तारखा काढल्या. ९ दिवस ही निव्वळ सरासरी होती. माल कधी पाच दिवसांत जमा, कधी पंधरा. चढउतार ३ दिवसांचा, आणि मी तो शून्य धरला होता. तो धरून हिशोब पुन्हा मांडला: ४० चा वर्ग गुणिले ९, त्यात २०० चा वर्ग गुणिले ३ चा वर्ग मिळवायचा आणि सगळ्याचं वर्गमूळ. १२० च्या जागी ६१२ आले. सेफ्टी स्टॉक १,०१०. मामांचा आकडा! त्यांनी वर्गमूळ कधी काढलं नव्हतं, लाइन थांबल्यावरच्या शिव्या मात्र बावीस वर्षं खाल्ल्या होत्या.

एवढ्यावर थांबले असते तर पेपरात चांगले मार्क मिळाले असते. पण सप्लायरला झापायला पुरावा हवा म्हणून गेट रजिस्टर मागवलं, आणि माझंच तोंड बंद झालं. गाडी बहुतेक वेळा वेळेवर आत आलेली. माल आमच्याच इनवर्ड, म्हणजे आत येणाऱ्या मालाच्या, तपासणीच्या पिंजऱ्यात पडून होता, कारण ते ब्रॅकेट तपासायचा गेज, म्हणजे मापाचं साधन, एकच आणि तो कायम दुसऱ्या लाइनवर गेलेला. दुसरा गेज घेतला. चढउतार एका दिवसावर आला आणि १,०१० ची गरज ३८५ वर उतरली. महिनाभर सप्लायरला जे बोलले होते, त्याबद्दल त्याला चहा पाजला.

म्हणून सांगते, पहिल्याच आठवड्यात एक पार्ट नंबर, म्हणजे स्टोअरमधला एकच सुटा भाग, निवड आणि दोन वर्षं तो सोडू नकोस. फोरकास्टिंग, म्हणजे मागणीचा अंदाज, आलं, त्याच्यावर लाव. ईओक्यू, म्हणजे एका वेळी किती मागवणं स्वस्त पडतं त्याचं सूत्र, आलं, त्याच्यावर लाव. प्रोजेक्टही त्यातूनच निघेल. फक्त डेटा वापरायची लेखी परवानगी घे आणि सप्लायरची नावं बदल. आणि सगळेच करतात तसा डबेवाल्यांवर प्रोजेक्ट करू नकोस. त्यांच्याबद्दल आदरच आहे, पण परीक्षकही माणूसच असतो.

वर्गात कधीतरी बिअर गेम, म्हणजे पुरवठा साखळीचा खेळ, खेळवतील. रिटेलर, होलसेलर, डिस्ट्रिब्युटर, फॅक्टरी अशा चार खुर्च्या. गिऱ्हाइकाची मागणी एकदाच ४ वरून ८ वर जाते आणि तिथेच राहते, तरी फॅक्टरीच्या खुर्चीतला माणूस ऑर्डरींखाली गुदमरतो आणि पुढच्या तिघांना वेड्यात काढतो. तू रोज फॅक्टरीत बसतोस, तिथे रिटेलर हो. शेजारच्या बाकाशीही बोलत जा. जीएसटी आला, जुलै २०१७, तेव्हा मी दुसऱ्या सेमिस्टरला होते. कंपन्या राज्याराज्यांत डेपो ठेवायच्या त्यात दुसऱ्या राज्यात थेट विकल्यावर लागणारा केंद्रीय विक्रीकर वाचवणं केवढं मोठं कारण होतं, हे भिवंडीच्या गोदामातल्या एका सहाध्यायाने टपरीवर पाच मिनिटांत सांगितलं. त्या विषयावरचं लेक्चर दोन तासांचं होतं.

वेळेचं म्हणशील तर चाकणच्या पट्ट्यात खूप कारखान्यांना सुट्टी गुरुवारी आणि वर्ग रविवारी. सुट्टी बदलून मिळेल का ते प्रवेशाआधी विचार, नंतर नव्हे. कंपनीच्या बसमध्ये जाऊन-येऊन दीड तास मिळतो, तळेगाव चौकातल्या कोंडीची कृपा झाली तर दोन. व्हिडिओ तिथे बघ. गणितं मात्र टेबलावर, पेनाने.

ऑपरेशन्स रिसर्चच्या पेपरात मी नापास झाले होते. ३१ मार्चचं स्टॉक टेकिंग आणि २ एप्रिलचा पेपर. रॅकवर चढून नट मोजत होते आणि डोक्यात पेपरातली सिम्प्लेक्स पद्धतीची गणितं. तारखा जानेवारीतच ठाऊक होत्या, साहेबांना सांगितल्या नव्हत्या इतकंच. तू वर्षाचं कॅलेंडर भिंतीवर लाव, मंथ-एंड आणि ऑडिट एका रंगात, परीक्षा दुसऱ्या, आणि जिथे दोन्ही एकमेकांवर येतात ते दिवस साहेबांना तीन महिने आधी दाखव. घरीही सांगून टाक, दोन वर्षं लग्नांना फक्त अक्षतांपुरता येईन.

येत्या गुरुवारी जमलं तर घरी ये. येताना तीन-चार पार्ट नंबर आणि त्यांच्या मागच्या वीस जीआरएनच्या तारखा आण. तुमच्याकडे मोबाइलच्या कॅमेऱ्याला स्टिकर लावतात, तेव्हा कागदावर उतरवून घे. नट-बोल्ट मात्र निवडू नकोस. त्यांचा हिशोब मामांनाही कधी लागला नाही.

तुझी,
स्टोअरवाली मॅडम